नेटवर्किंग शिकताय? सात थर नंतर लावा

कम्प्युटर नेटवर्क्सच्या ओरलला एक्सटर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. लॅबमधलं हे मशीन शेजारच्या मशीनला पिंग होतंय, म्हणजे हाकेला उत्तर मिळतंय, पण इंटरनेट लागत नाही; सगळ्यात आधी काय बघशील? मी फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क करत ओएसआय मॉडेलच्या, म्हणजे नेटवर्कचं काम सात पातळ्यांत वाटून दाखवणाऱ्या आराखड्याच्या, सातही थरांची नावं खालून वर म्हणून दाखवली. सरांनी ती निवांत ऐकून घेतली आणि म्हणाले, "थर लावून झाले असतील तर आता गेटवे बघ." डिफॉल्ट गेटवेची, म्हणजे आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराची, व्याख्या मला पाच मार्कांपुरती लिहिता आली असती. पण समोरच्या स्क्रीनवर तो कुठे दिसतो, ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी डोंबिवलीहून कॉलेजला जायचो. आता ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचंच काम करतो. दर जून-जुलैत नात्यातलं नाहीतर बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी येऊन विचारतं, "दादा, नेटवर्क्स निघेल ना? केटी तर नाही ना लागणार?" त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितोय. हा क्रम पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी जुळणार नाही. पुस्तक थरांपासून सुरू होतं आणि पाकिटापर्यंत पोचता पोचता सेमिस्टर संपतं. आपण एक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा एक तुकडा, पकडून त्याच्यामागे जाऊ. थर वाटेत आपोआप भेटतात.

मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या आराखड्यात कम्प्युटर इंजिनिअरिंगला हा विषय पाचव्या सत्रात ठेवला होता. बीएस्सी आयटी आणि बीएस्सी कम्प्युटर सायन्सलाही तो असतोच, आणि स्वायत्त कॉलेजांनी आपापल्या सोयीने जागा बदलल्या आहेत. सत्र कुठलंही असो, आत भेटणारी माणसं तीच.

पहिली पायरी: शब्दांचा अर्थ मराठीत लावून घ्या

मराठी माध्यमातून आलेल्यांना हा विषय उगाच जड वाटतो, कारण पहिल्या दोन लेक्चरमध्ये तीसेक नवे शब्द अंगावर येतात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचे आपल्या भाषेतले अर्थ लिहा. प्रोटोकॉल म्हणजे दोघांनी आधीच ठरवून घेतलेली बोलण्याची रीत. हेडर म्हणजे पाकिटावरचा मजकूर, पेलोड म्हणजे आतलं पत्र. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती बिट आत ढकलता येतात, आणि लेटन्सी म्हणजे एका बिटाला पोचायला किती वेळ लागतो. शेवटच्या दोन शब्दांत गल्लत करणारे चौथ्या वर्षातही सापडतात.

पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे, तिथे हे अर्थ उतरवायचे नाहीत. पण गोष्ट एकदा स्वतःच्या भाषेत कळली की तिची इंग्रजी व्याख्या पाठ करावी लागत नाही, ती लिहिताना सुचत जाते.

दुसरी पायरी: स्वतःच्या मशीनला विचारा, तू कोण?

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा 'ऑल' हा पर्याय लावून चालवा. बरंच काही येईल. त्यातल्या पाच ओळी वहीत उतरवा: फिजिकल ॲड्रेस, आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा). अर्धा अभ्यासक्रम या पाच ओळींचं स्पष्टीकरण आहे.

फिजिकल ॲड्रेस म्हणजेच मॅक ॲड्रेस. तो ४८ बिटांचा असतो, पहिले २४ बिट कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे. आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, ३२ बिटांचा. घरी तो बहुतेक १९२.१६८ने सुरू झालेला दिसेल. १६९.२५४ने सुरू झालेला दिसला, तर मशीनला पत्ता द्यायला कोणी भेटलंच नाही, म्हणजे डीएचसीपी सर्व्हर गाठता आला नाही आणि मशीनने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असं समजायचं. हे एवढं ओळखता आलं तरी लॅबमध्ये लोक तुम्हाला हाक मारायला लागतात.

आता पिंग. क्रम ठरलेला आहे आणि तो अंगवळणी पाडा: आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःच्या मशीनमधली नेटवर्कची यंत्रणा जिवंत आहे का. मग स्वतःचा आयपी. मग गेटवे. मग ८.८.८.८सारखा बाहेरचा एखादा पत्ता. शेवटी एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतंय पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. शेजाऱ्याला येतंय पण बाहेर जात नाही, तर आधी गेटवे. माझ्या ओरलचं उत्तर एवढंच होतं. एक लक्षात ठेवा: काही यंत्रं पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, तेव्हा एकाच पत्त्यावरून निदान ठोकून देऊ नका.

तिसरी पायरी: एक केबल स्वतःच्या हाताने बनवा

वायफायच्या जमान्यात केबल कशाला, असं विचाराल. प्रॅक्टिकलला येते म्हणून, आणि फिजिकल लेयर नावाची गोष्ट बोटांना कळावी म्हणून.

ग्रँट रोड स्टेशनला उतरा, लॅमिंग्टन रोडला या. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण दुकानदार लॅमिंग्टनच म्हणतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल पाच मीटर, आरजे-४५चे डझनभर कनेक्टर (पहिले चार वाया जाणारच), एक क्रिम्पर आणि एक साधा टेस्टर घ्या. चौघांनी मिळून घेतलं तर कोणाच्याच खिशाला जाणवत नाही. पहिल्याच दुकानात भाव ठरवू नका, हे मुंबईकराला सांगायला नको.

केबलच्या आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या असतात. कनेक्टरची क्लिप खाली आणि तोंड आपल्यापासून लांब धरलं की डावीकडून पहिली पिन. टी-५६८बी नावाचा रंगक्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जातात आणि त्यांच्यामध्ये निळी जोडी बसते. सगळा गोंधळ इथेच होतो.

माझा झाला होता. मला तो क्रम विचित्र वाटला, म्हणून मी शहाणपणा करून जोड्या ओळीने लावल्या: केशरी, हिरवी, निळी, चॉकलेटी, दोन्ही टोकांना अगदी सारख्या. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले. मी खूश. मशीनला जोडली तर लिंक कधी लागायची, कधी जायची, आणि फाइल निम्म्यावर अडकायची. दोन तास मी ड्रायव्हरला दोष देत बसलो. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी केबलचं टोक प्रकाशात धरलं आणि न बोलता क्रिम्परने छाटून टाकलं.

झालं होतं असं: १०० एमबीपीएसचं इथरनेट १, २, ३ आणि ६ या पिना वापरतं. ३ आणि ६ मिळून एक सिग्नल नेतात, तेव्हा त्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्याच हव्यात. एकीत जो गोंगाट शिरतो तोच दुसरीतही शिरतो आणि पलीकडे वजाबाकीत तो निघून जातो. पिळ्याचा उपयोग हाच. माझ्या केबलमध्ये तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहाव्यावर निळ्या जोडीची. साधा टेस्टर तार अखंड आहे का एवढंच बघतो. कोण कोणाला पिळलंय ते त्याला दिसत नाही. ट्विस्टेड पेअर का वापरतात, हा प्रश्न नंतर पेपरात आला तेव्हा माझं उत्तर दीड पान झालं.

चौथी पायरी: तिकीट तेच, गाड्या वेगळ्या

मॅक ॲड्रेस असताना आयपी कशाला? दोन-दोन पत्ते कशासाठी? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक जण तो विचारत नाहीत.

तुम्ही डोंबिवलीहून अंधेरीचं तिकीट काढता. तिकिटावर डोंबिवली आणि अंधेरी, शेवटपर्यंत तेच. पण दादरपर्यंत सेंट्रलची गाडी, पुलावरून पलीकडे, मग वेस्टर्नची गाडी. तिकीट म्हणजे आयपी पॅकेट आणि गाडी म्हणजे फ्रेम, एका टप्प्यापुरतं पॅकेटवरचं वेष्टन. दादरचा पूल म्हणजे राउटर: तो तुमचं तिकीट बघतो, जुनी गाडी सोडायला लावतो, नव्या गाडीत बसवतो. म्हणून पॅकेट राउटरमागून राउटर ओलांडतं तेव्हा मॅक पत्ते प्रत्येक टप्प्यावर बदलतात, आणि वाटेत नॅट (पत्ता बदलणारी सोय, सहाव्या पायरीत बघू) नसेल तर आयपी पत्ते तसेच राहतात. पेपरात तीन राउटरांचं चित्र देऊन 'दुसऱ्या लिंकवर सोर्स मॅक कोणता' असं विचारतात, तेव्हा दादर आठवा.

एकाच लाइनवरचा शेजारी शोधायला एआरपी असतो. 'हा आयपी कोणाचा, त्याने आपला मॅक सांगा' अशी गॅलरीत उभं राहून मारलेली हाक. ज्याचा आहे तो एकटा उत्तर देतो आणि ते उत्तर मशीन थोडा वेळ लिहून ठेवतं. एआरपी या आज्ञेला डॅश ए लावून चालवली की ती यादी दिसते. स्विच, म्हणजे एकाच नेटवर्कमधली मशीन जोडणारा डबा, हाही अशीच एक यादी ठेवतो, कुठल्या पोर्टवर (केबलच्या खाचेवर) कोणता मॅक याची. ती तो येणाऱ्या फ्रेम बघून स्वतः शिकतो.

पाचवी पायरी: सबनेटिंग, आणि इथे घाई करू नका

या विषयात मुलं सगळ्यात जास्त इथे पडतात, आणि पेपरात खात्रीचे मार्कही इथेच आहेत. सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं. सूत्रं बाजूला ठेवा. पानाच्या वर आठ आकडे लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पत्त्याच्या शेवटच्या घरातला, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरचा, कुठलाही आकडा या आठांच्या बेरजेने बनतो.

उदाहरण घेऊ. पत्ता १९२.१६८.१०.७७, मागे /२६. हे मशीन कुठल्या सबनेटमध्ये?

/२६ म्हणजे ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे. पहिल्या तीन घरांत २४ गेले, म्हणजे शेवटच्या घरातले आणखी दोन: १२८ आणि ६४, बेरीज १९२. मास्क झाला २५५.२५५.२५५.१९२. आता ७७ म्हणजे ६४ + ८ + ४ + १, बिटांत ०१००११०१. मास्कचं शेवटचं घर ११००००००. दोन्हीकडे १ आहे तिथेच १ ठेवायचा, बाकी शून्य. आलं ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क १९२.१६८.१०.६४.

हेच तोंडी करायचं तर २५६ मधून १९२ वजा करा, ६४ उरले, म्हणजे चौसष्ट-चौसष्टचे गठ्ठे: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ ते १२७च्या गठ्ठ्यात. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा म्हणजे १२७ ब्रॉडकास्टचा, सगळ्यांना एकदम हाक मारायचा. मधले ६५ ते १२६, एकूण ६२ मशीनला देता येतात. २ वजा करायचं विसरून ६४ लिहिणारे दर बॅचला असतात.

बिटांची पद्धत आधी वीस वेळा करा, मग तोंडी. उलट केलंत तर ओरलला 'असं का?' विचारल्यावर गठ्ठे सांगून भागत नाही.

पुढचा टप्पा व्हीएलएसएम, म्हणजे लहानमोठे तुकडे. समजा एका कॉलेजला १९२.१६८.१०.०/२४ मिळालंय. एका लॅबमध्ये ५० मशीन, दुसरीत २५, ऑफिसात १०, आणि दोन राउटरांमधल्या लिंकला २ पत्ते हवेत. मोठ्यापासून सुरुवात करा. ५०ला ६४चा तुकडा: ० ते ६३, /२६. २५ला ३२चा: ६४ ते ९५, /२७. १०ला १६चा: ९६ ते १११, /२८. लिंकला ४चा: ११२ ते ११५, /३०. एकूण ११६ पत्त्यांत काम झालं आणि उरलेले सगळे एका बाजूला सलग. लहानापासून सुरू केलंत तर गडबड होते, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या आकाराच्या पटीवरच सुरुवात करावी लागते. /३० शून्यावर बसवला की /२८ थेट १६वर जातो आणि मध्ये भोक पडतं. डब्यात आधी मोठी भांडी ठेवतात, वाट्या नंतर.

पुस्तकात क्लास ए, बी, सी, म्हणजे पत्त्यांची ठरावीक आकारांची जुनी वर्गवारी, भेटेल. वाचा, कारण प्रश्न येतो, पण तिच्यावर जीव टाकू नका. १९९३ साली सीआयडीआर, म्हणजे वरच्यासारखी /२६ लिहायची पद्धत, आलं तेव्हाच ती वर्गवारी कामातून गेली.

सहावी पायरी: पीपी नंबर

आयपीव्ही४चे एकूण पत्ते २चा ३२वा घात, साधारण ४२९ कोटी. जगाला ते पुरत नाहीत. तरीही सगळ्यांचं चालतं, ते नॅटमुळे.

घरी टेलिफोन नव्हते तेव्हा चाळीत एकाच बिऱ्हाडात फोन असायचा आणि बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर, पुढे 'पीपी' लिहून. बाहेरच्या जगाला एकच नंबर माहीत. फोन आला की त्या घरच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "अहो सावंत, तुमचा फोन!" राउटरचा बाहेरचा आयपी म्हणजे तो नंबर, घरातले १९२.१६८वाले पत्ते म्हणजे बिऱ्हाडं, आणि कोणाला हाक मारायची ते पॅकेटवर लिहिलेल्या पोर्ट नंबरवरून कळतं. फरक एक: काकूंना सगळी बिऱ्हाडं तोंडपाठ होती. राउटर मात्र तुम्ही आतून बाहेर पहिलं पॅकेट पाठवता तेव्हाच वहीत नोंद करतो. ज्याची नोंद नाही असा बाहेरचा फोन तो कोणालाच देत नाही. घरी गेम सर्व्हर चालवायला पोर्ट फॉरवर्डिंग का लागतं, ते यातून कळेल.

१०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत, १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ते राखून ठेवले. आयपीव्ही६ला १२८ बिट मिळाले, त्यामुळे तिथे पीपीची गरज नाही. हेडरची तुलना परीक्षेत येते, तेवढी करून ठेवा.

सातवी पायरी: उशीर कुठे झाला?

डिलेची गणितं चार प्रकारांची असतात आणि लोकलने रोज जाणाऱ्याला ती उपजत माहीत असतात. पूर्ण गाडी प्लॅटफॉर्मबाहेर पडायला लागणारा वेळ हा ट्रान्समिशन डिले: बारा डब्यांची लवकर निघते, पंधरा डब्यांची उशिरा, पुढचं स्टेशन किती लांब आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. धावण्यातला वेळ हा प्रोपगेशन डिले, तो अंतरावर. सिग्नलला गाडी अडकली, पुढे दुसरी उभी आहे, हा क्यूइंग डिले. राउटर पत्ता वाचतो तो प्रोसेसिंग, आणि तो नगण्य.

आता आकडे. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १०० एमबीपीएसच्या लिंकवर चढवायला ०.१२ मिलिसेकंद. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून १५० किलोमीटरची फायबर, समजा मुंबई ते पुणे, पार करायला ०.७५ मिलिसेकंद. इथे लिंक दहापट वेगवान केली तरी दुसरा आकडा हलत नाही. 'प्लॅन महागाचा घेतला तरी गेम अडकतो' ही तक्रार बऱ्याचदा इथून निघते.

याच गणिताने एक गंमत करता येते. एखाद्या मोठ्या अमेरिकन साइटला पिंग करा. ५ मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर एका बाजूला अडीच मिलिसेकंद, म्हणजे सर्व्हर फार तर ५०० किलोमीटरवर. कॅलिफोर्निया इथून तेरा हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथून उत्तर यायला १३० मिलिसेकंदांच्या आत जमणारच नाही. ज्याला तुम्ही अमेरिकेत समजत होतात तो सर्व्हर मुंबईतच, कदाचित खाडीपलीकडे ऐरोली-महापेला बसलाय. मग ट्रेसराउट चालवा, वाटेतले राउटर दिसतील. एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या (*) आल्या म्हणून घाबरू नका, त्या राउटरने उत्तर दिलं नाही एवढंच.

देशाबाहेर जाणारं पॅकेट बऱ्याचदा मुंबईतूनच समुद्रात उतरतं. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि इथलं इंटरनेट रखडलं. 'क्लाउड' हा शब्द ऐकला की मला ती वाळूखालची केबल आठवते.

आठवी पायरी: वायरशार्क उघडा

आपल्या मशीनमधून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टाका, वायफाय निवडा, कॅप्चर सुरू करा आणि ब्राउझरमध्ये एक साइट उघडा. काही सेकंदांत शेकडो ओळी पळायला लागतील. थांबवा. फिल्टरच्या पट्टीत डीएनएस लिहा.

आता दोनच ओळी बघा. एकीत तुमच्या मशीनने विचारलंय, या नावाचा पत्ता काय. दुसरीत उत्तर आलंय. हा प्रश्न जनरली यूडीपीवरून (पोचल्याची खात्री न करता पाठवायची रीत) पोर्ट ५३ला जातो, आणि यूडीपीचं हेडर अवघं ८ बाइटचं. फिल्टर काढा, तो पत्ता शोधा आणि त्याच्याशी झालेल्या पहिल्या तीन टीसीपी (पोचल्याची खात्री करून पाठवायची रीत) ओळींवर थांबा: सिन, सिन-ॲक, ॲक. पहिल्या ओळीचे पर्याय उघडलेत तर एमएसएस (एका वेळी पाठवायच्या मजकुराची कमाल मर्यादा) १४६० दिसण्याची शक्यता बरीच आहे. का? इथरनेटमध्ये एका वेळी १५०० बाइट मावतात, त्यातून आयपीचं २० आणि टीसीपीचं २० बाइटचं हेडर वजा. वर्गात फळ्यावर लिहिलेलं गणित तुमच्याच मशीनने केलेलं दिसतं तेव्हा हा विषय पहिल्यांदा खरा वाटतो. (आयपीव्ही६वरून गेलं असेल तर १४४० दिसेल. त्याचं हेडर ४० बाइटचं.)

ते तीन निरोप कशाला? आमच्या वेळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची आणि तिथे फोन हटकून तुटायचा. बाहेर आल्यावर बोलणं असं व्हायचं: "ऐकू येतंय?" "हो येतंय, तुला माझं येतंय का?" "हो येतंय." तीन वाक्यं, दोन्ही बाजूंची खात्री. आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "शेवटचं काय ऐकलंस?" टीसीपीचा ॲक नंबर हेच सांगतो: इथपर्यंत मिळालं, आता यापुढचं पाठव.

कंजेशन कंट्रोल, म्हणजे गर्दीवरचा ताबा, शिकताना आलेख पाठ करण्याआधी एक प्रसंग वाचा. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्डांवरचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला. पॅकेट हरवलं की प्रत्येक मशीन ते पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी आणखी वाढत होती. दादरच्या पुलावर सगळ्यांनी एकदम ढकललं की कोणीच हलत नाही, तसं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला उपाय म्हणजे तुमच्या पुस्तकातला स्लो स्टार्ट आणि त्याची भावंडं: पॅकेट हरवलं की ते गर्दीचं लक्षण समजा आणि स्वतःच मागे सरा.

एक सावधगिरी. वायरशार्क स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या नेटवर्कवर. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर प्रयोग करायचे तर आधी परवानगी घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चं कलम ४३ विनापरवानगी दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याबद्दलच आहे. 'सर, मी फक्त शिकत होतो' हे उत्तर तिथे चालत नाही.

नववी पायरी: आता थर लावा

एवढं बघून झालं की सात थर एका संध्याकाळीत बसतात. केबल पहिला, मॅक आणि स्विच दुसरा, आयपी आणि राउटर तिसरा, टीसीपी-यूडीपी चौथा, डीएनएस आणि वेब सातवा. गोविंदात वरच्याचा भार खालच्याच्या खांद्यावर असतो, खालच्याला वरचा दिसत नाही, इथेही तसंच. पाचवा आणि सहावा थर व्यवहारात वेगळे उभे राहत नाहीत, त्यांचं काम वरचा ॲप्लिकेशनच उरकतो. सात थरांचं हे ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ला प्रसिद्ध केलं, आणि त्याआधीच, १ जानेवारी १९८३ला इंटरनेटचं पूर्वज अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं होतं. म्हणून नकाशा एकाचा आणि गाव दुसऱ्याचं, अशी अवस्था आहे. पेपरात दोन्ही लिहा.

पॅकेट ट्रेसर नावाचं सिस्कोचं सॉफ्टवेअर मोफत आहे. व्हीएलएसएमचं वरचं उदाहरण त्यात उभं करून बघा, दोन राउटर, तीन स्विच. पहिल्यांदा पिंग जाणार नाही. बहुधा राउटरचा इंटरफेस बंदच असेल. सिस्कोच्या राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, ते 'नो शटडाउन' देऊन चालू करावे लागतात. तरी नाही गेलं तर मशीनमध्ये गेटवे टाकायचा राहिलाय का ते बघा.

परीक्षेबद्दल

पुस्तक एकच धरा, अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेल्यांपैकी कुठलंही. जोडीला एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्यानं फुकट आहेत, पण ती गाडीत झोपेत ऐकून काही होत नाही, वही हवी. जर्नल शेवटच्या आठवड्यात मित्राचं उतरवू नका. ओरल त्या जर्नलवरच होते आणि तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये मित्राचा आयपी असतो, एक्सटर्नलला ते लगेच दिसतं. आकृती काढल्याशिवाय हेडरचं उत्तर पूर्ण होत नाही. सबनेटिंगचा प्रश्न आधी सोडवा, डोकं ताजं असताना.

ओरलला एखादं उत्तर नाही आलं तर नाही म्हणा, पण पुढे 'मी हे असं शोधून बघेन' एवढं जोडा, आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा. मला त्या दिवशी सरांनी ते मशीन तसंच पुढे करून पाच मिनिटं दिली होती. गेटवेच्या जागी कोणीतरी १९२.१६८.१.१ऐवजी १९२.१६८.१.११ टाकून ठेवलं होतं. बहुधा त्यांनीच.